पेढ्याची गोष्ट

धम्मदीपाच्या देवमनकाकांच्या बोटांना चोवीस तास तंबाखूच्या खर्र्याचा वास असतो. मला तो माहीत होता, तरी ती गोष्ट लिहिली मीच.

मी आठवड्यातून दोनदा वाशीमहून आसेगावला जाते, विशेष मुलांना शिकवायला. नऊ वर्षांची धम्मदीपा स्वमग्न आहे. चार माणसांत कसं वागायचं ते तिला उमगत नाही, म्हणून मी तिला चार-पाच ओळींच्या गोष्टी लिहून देते. रोज वाचून त्या पाठ होतात आणि मग ती अगदी तशीच वागते. मागे एका साखरपुड्यात काका पेढा भरवायला गेले, तर ती त्यांच्या बोटाला कडकडून चावली. तिची आई, बेबीताई, माझ्या मागेच लागली.

"म्याडम, चारचौघांत लाज गेली आमची. याच्यावर एखादी गोष्ट लिवून द्या ना."

दिली लिहून. 'आनंदाच्या दिवशी मोठी माणसं पेढा भरवतात. मी तोंड उघडते. सगळ्यांना बरं वाटतं.' वर चित्रंही काढली, मूर्खासारखी.

रविवारी तिचा मामा पोलिसात लागल्याचे पेढे होते. मला मुद्दाम बोलावलं. पहिला मान काकांचा. खर्रा घोटून घोटून पिवळी पडलेली बोटं थेट तिच्या दातांपर्यंत गेली. तिने तोंड उघडलं. टाळ्या पडल्या. मग रांगच लागली. एक जण तर नाक शिंकरून, हात विजारीला पुसून आला.

"पाहा, कशी शहानी झाली पोरगी!"

"आता माह्या हातचा खाय!"

सगळे मोबाइलवर शूटिंग करत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आणि हनुवटीवरून लाळ गळत होती. भरल्या तोंडाने ती पुटपुटत होती, "सगळ्यांना बरं वाटतं."

मला शिसारी आली. त्या बोटांची आलीच, पण त्याहून जास्त माझ्या त्या सुबक अक्षराची.

"बस करा! तिले नको हाय, दिसत नाई काय?" मी ओरडले.

"कायले ओरडून राह्यल्या म्याडम? तुमीच तं शिकवलं," बेबीताई हसत म्हणाली. तेवढ्यात पोरगी भडाभडा ओकली.

माणसं नाकाला हात लावून पटापट बाहेर गेली. मी रुमाल ओला केला, तिच्यासमोर बसले आणि तोंड पुसायला हात पुढे केला.

तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.