जमिनीपासून दोन बोटांवर

मित्रांनो, आपले आयुष्य कोणाला सांगावे इतके मोठे आहे, असे मला कधीच वाटले नाही. मी एक जुना थर्मामीटर आहे. ताप आल्यावर तुमच्या तोंडात ठेवतात तो नव्हे, भिंतीवर टांगतात तो. वीतभर लाकडी पट्टी, तिच्यावर काचेची बारीक नळी आणि नळीत लाल द्रव, एवढाच माझा पसारा. ऊब वाढली की लाल रेघ वर चढते, गारवा आला की खाली उतरते. यात माझी काही हुशारी नाही. तरीही घडले ते सांगायला हवे, कारण त्यात थोडा दोष माझाही होता असे मला अजून वाटते.

कारखान्यात मला एकदा बर्फाच्या पाण्यात आणि एकदा गरम पाण्यात बुडवून माझ्या खुणा तपासल्या. तिथून मी एका औषधांच्या दुकानात आलो. मालकांनी मला औषधांच्या फळीशेजारी, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगले. रोज सकाळी शटर वर केले की ते आधी चष्मा पुसत आणि मग माझ्याकडे बघत. "हा कधी खोटं बोलत नाही," असे गिऱ्हाइकांना सांगत. सव्वीस वर्षे मी हे ऐकले आणि, कबूल करतो, थोडा फुशारलो. पुढे चमकत्या आकड्यांचे नवे यंत्र आले. मी खणात गेलो, गंजलेल्या किल्ल्या आणि वाळलेल्या रबरी शिक्क्यांच्या शेजारी. तिथे किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. खणात तापमान फारसे बदलत नाही.

मग एके दिवशी खण उघडला. मालक आता आजोबा झाले होते आणि त्यांच्या सूनबाईंनी घरामागच्या खोलीत लावे पाळायला घेतले होते. लावा म्हणजे मुठीत मावणारा, ठिपक्यांची अंडी देणारा पक्षी. त्याचे नवे पिल्लू तर तुमच्या अंगठ्याएवढे असते. ही पिल्ले यंत्रात उबवलेली होती. आईच्या पंखाखालची ऊब त्यांना कोण देणार? म्हणून खोलीच्या मधोमध फळ्यांचे ठेंगणे कुंपण केले होते आणि त्यावर एक मोठा पांढरा दिवा सोडला होता.

"ऊब मोजायला आपला जुना आहे की!" असे म्हणत आजोबांनी मला आणले आणि जुन्या सवयीने खिळा ठोकला, तोही डोळ्यांच्याच उंचीवर.

पहिल्या आठवड्यात छत्तीस अंश ऊब हवी, असे माहितीच्या पुस्तकात लिहिले होते. मी अठ्ठावीस दाखवत होतो. सूनबाईंनी जास्त ताकदीचा दिवा लावला. मी एकतीसवर गेलो. त्यांनी शेजारी दुसरा दिवा सोडला, खिडकीला गोणपाट लावले. तिसऱ्या दिवशी मी छत्तीस दाखवले. सूनबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही धन्य वाटले.

पुढच्याच सकाळी तीन पिल्ले मरून पडली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याच्या पुढच्या सकाळी सात गेली, आणि त्यांच्या पाठी बाकीच्यांनी टोचून खाल्लेल्या होत्या. मग जिवंत पिल्लांच्या पायांची बोटे रक्ताळलेली दिसू लागली. रक्ताचा एक थेंब दिसला की दहा चोची तिथेच धावत.

"वहिनी, ही पिल्लं नव्हेत, गुंड आहेत गुंड!" सूनबाईंची नणंद म्हणाली. "अंगठ्याएवढा जीव आणि एकमेकांना खातात!"

"असं नका ना बोलू, ताई. घूस येत असेल कुठून तरी."

सापळा लावला, तो रिकामाच राहिला. मग जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी एक मेलेले पिल्लू उघडून पाहिले. "आजार काही दिसत नाही. खाणं ठीक आहे, पाणी स्वच्छ आहे. ऊब किती ठेवता?"

"छत्तीस." सूनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

डॉक्टरांनी मला पाहून मान डोलावली. "मग नक्की कारण सांगणं कठीण आहे."

मित्रांनो, मला वरून सगळे दिसत होते. दिव्यांखालची जागा रिकामी पडलेली असे. सारी पिल्ले चोची उघडून, पंख पसरून कुंपणाच्या कडेला एकमेकांच्या अंगावर चढत. पण मला बोलायला एक लाल रेघ तेवढी दिलेली आहे, आणि ती म्हणत होती, छत्तीस.

साठांपैकी अकरा उरली. महिन्याने दुसरी साठ पिल्ले आली तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "ही शेवटची. यांचंही असंच झालं तर मी या खोलीला कुलूप लावणार. रोज सकाळी टोपली घेऊन मेलेली पिल्लं वेचणं मला नाही जमायचं."

चौथ्या सकाळी चार पिल्ले निपचित दिसली. सूनबाई टोपली हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. त्यांचे पाऊल पुढे पडेना.

"दे इकडे, मी काढते," नणंद म्हणाली आणि कुंपणात वाकली. तशीच हात झटकत मागे सरली. "अगंबाई! वहिनी, इथे हात घालून बघ. ही भट्टी पेटवली आहेस की काय?"

"अहो, छत्तीसच तर आहे."

"वर असेल छत्तीस! पिल्लं काय भिंतीला लटकून राहतात?"

आजोबा मागे उभे होते. ते पुढे आले, मला खिळ्यावरून काढले आणि भिंतीचा आधार घेत, गुडघे कुरकुरत असताना जमिनीवर बसले. त्यांनी मला दिव्याखाली नेले. माझी रेघ धावतच सुटली. चाळीस. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. मला थांबताच येईना.

आजोबांनी चष्मा काढला. "चूक माझी आहे, पोरी. दुकानात औषधांची फळी माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून हा तिथे शोभला. इथे जपायचं ते खाली होतं, आणि मी खिळा ठोकला माझ्या सोयीने."

"बाबा, तुम्हाला काय कल्पना!" सूनबाई म्हणाल्या.

"असायला हवी होती. जन्मभर दुसरं केलं काय मी?"

"आता पुरे," नणंद डोळे पुसत म्हणाली. "बाबा, तुम्ही उठूच नका. पुन्हा बसवायला दोन माणसं लागतील. तिथूनच सांगा काय करायचं ते."

त्यांनी सांगितले, दोघींनी केले. एक दिवा काढला. दुसऱ्याच्या जागी कमी ताकदीचा लाल दिवा एका बाजूला सोडला, म्हणजे ज्याला ऊब हवी त्याने जवळ यावे, नको त्याने दूर जावे. फळ्या सरकवून जागा दुप्पट केली. जखमी पिल्ले वेगळ्या खोक्यात ठेवली. आणि मला एका खुंटीला बांधून जमिनीपासून दोन बोटांवर, पिल्लांच्या पाठीइतक्या उंचीवर उभे केले.

त्यानंतरच्या सकाळी आणखी दोन पिल्ले गेली. फार थकलेली होती ती. पुढच्या सकाळी मात्र टोपली रिकामी परत गेली. त्याच्या पुढच्याही. लाल उजेडात कोणाच्या बोटावरचे रक्त कोणाला दिसेना, आणि चोची दाण्यांकडे वळल्या.

"सुधारले वाटतं गुंड," नणंद म्हणाली.

"गुंड नव्हतेच, ताई. त्यांना कुठे पळायला जागा नव्हती."

मी खोटे बोललो नव्हतो, मित्रांनो. तरी माझ्या खऱ्या आकड्यानेच त्या पिल्लांचा घात केला. याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला एवढेच कळले आहे. तुमच्या घरात कोणी लहानगे सारखे चिडत असेल, ओरबाडत असेल, चावत असेल, तर त्याला वाईट ठरवण्याआधी एकदा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून पाहा. तिथे किती तापते ते उभ्याने कळत नाही. आणि माझ्यासारखे एखादे जुने साधन घरी असेल, तर त्याची काच मऊ फडक्याने पुसत जा आणि ते टांगताना आधी विचारा, हे कोणासाठी?

मला खाली आणले त्याला आज दहावा दिवस आहे. आत्ता एक पिल्लू माझ्या पट्टीला टेकून झोपले आहे. त्याच्या अंगाच्या उबेने माझी रेघ दोन अंश जास्त चढली आहे, म्हणजे आज मी चक्क चुकीचा आकडा दाखवतो आहे. आताच सूनबाई येऊन गुडघे टेकून बसल्या. त्यांनी आधी पिल्ले पाहिली, जागोजाग पसरलेली, चोची मिटलेली, दाणे टिपणारी. मग माझ्याकडे पाहिले आणि हसल्या.

"झोपू दे त्याला," असे पुटपुटल्या आणि दार हलकेच ओढून घेतले.