दोन मजले

फायर स्टेशनमध्ये ह्यांना सगळे ‘इंजिन’ म्हणायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी खात्यानं त्या इंजिनाला घरी बसवलं. जिना चढला की धाप, आडवं पडलं की खोकला. खाजगी विमा कंपनीनं छातीचा फोटो बघितला आणि गोड बोलून वाटेला लावलं. राहिली खात्याची स्वस्त विमा योजना. तीही धुरानं छाती गेली असं खात्याचा डॉक्टर ज्याला लिहून देईल त्यालाच. त्याच्यासमोर दोन मजले चढून उतरायचं, एवढीच परीक्षा.

“धाप लागली तर लागू द्या,” मी आठवडाभर ह्यांचं डोकं खाल्लं. “खोकला आला तर खोका. आजारी असल्याचं सोंग करा म्हणत नाही मी. धडधाकट असल्याचं तेवढं करू नका.”

“हो गं बाई,” हे म्हणाले.

पण दवाखान्याच्या बाकावर ह्यांचेच जुने सोबती तपासणीला आलेले. आणि डॉक्टरही तोच, नोकरीत दर वर्षी तपासणारा. त्या वेळी त्याच्यासमोर खोकलं की आगीच्या बंबावरून खाली, फोन उचलायला टेबलावर. म्हणून स्टेशनात प्रत्येकाला युक्ती येत होती. तोंड मिटायचं, नाकानं हळू श्वास घ्यायचा, एका शब्दात उत्तर द्यायचं आणि हसायचं. पाइप गुंडाळायला शिकवावं तसं थोरले ही युक्तीही धाकट्यांना शिकवायचे.

“चल रे इंजिन!” बाकावरून कुणीतरी ओरडलं. झालं! हे कठड्याला हात न लावता चढले, उतरले आणि हसत उभे राहिले. सोबत्यांनी टाळ्या पिटल्या. एकेकाला चपलेनं हाणावंसं वाटलं मला.

“त्रास?” डॉक्टरनं विचारलं.

“छे.”

“साहेब, खोटं बोलतायत हे!” मी मध्ये पडले. “रात्र रात्र बसून काढतात. हा फोटो तरी बघा.”

“असे डाग सिगारेटचेही असतात, बाई.”

“जन्मात ओढली नाही ह्यांनी!”

“मी डोळ्यांनी बघितलं तेच लिहिणार.” त्यानं ‘योजनेस अपात्र’ लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर येताच हे भिंतीला धरून खाली बसले. खोकून खोकून ओठ निळे पडले, रुमालावर रक्त आलं. मी दारावर मुठी आपटल्या. आतून ह्यांच्या बंबावरच्या ड्रायव्हरचा आवाज आला, “त्रास? कसला?” मग टाळ्या. दार काही उघडलं नाही.

बऱ्याच वेळानं ह्यांना श्वास सापडला. “बघितलंस?” डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. “एकदाही थांबलो नाही.”

एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

“बघितलं,” मी म्हटलं. “आता मराल तेव्हाही असेच हसत मरा. डॉक्टरला बरं वाटेल.”

हे हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.