सव्वीस खोल्या

१९७४ च्या जानेवारीत आमच्या रेडिओ श्रोता संघानं नागपुरात संमेलन भरवलं. रायपूर, बालाघाट, अकोला, भुसावळ, जिथं जिथं फर्माइशी पाठवणारी मंडळी होती, तिथून सातशे जण येणार होते. एकमेकांची नावं वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकलेली, तोंडं कुणी पाहिलेली नाहीत. पुरुषांना शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून झोपवायचं ठरलं. ज्या संघांबरोबर बायका होत्या, असे एक्केचाळीस संघ. त्यांच्यासाठी सीताबर्डीवरच्या सुखनिवास लॉजच्या सव्वीस खोल्या मिळाल्या. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. तसं प्रत्येक संघाला पोस्टकार्डानं कळवलं. ती पोस्टकार्डं माझ्या हातची होती. मी संघाचा चिटणीस, नोकरी कचेरीत कारकुनाची.

लॉजचं काम बळीरामनं केलं. बळीराम इंदोऱ्याचा, मिलमध्ये कामाला. संघ आम्हा दोघांनीच काढलेला. सात वर्षं दर रविवारी त्याच्या घरी बसायचो, त्याची बायको भीमाबाई चहा करायची आणि आम्ही फर्माइशी लिहायचो.

संमेलनाच्या चार दिवस आधी सकाळी लहानू माझ्या महाल भागातल्या घरी आला. बर्डीवरचे सायकल स्टँड त्याच्या ताब्यात होते आणि त्याच्यापुढं तिथं कुणी आवाज काढत नसे. बरोबर दोघं होते.

"माझ्या भाचीचं लग्न आहे," तो म्हणाला. "वऱ्हाड उतरवायला जागा नाही. तुमच्यातल्या सहा खोल्या मले पाहिजेत. लॉजवाल्याशी बोललो मी. तो म्हणते, चिटणिसानं लिहून दिलं पाहिजे."

"लहानूभाऊ, पोस्टकार्डं गेली. सव्वीस खोल्या म्हणून सगळ्यांना कळवलंय."

त्यानं बरोबरच्यांना खूण केली. दोघांपैकी एकानं माझा डावा हात धरून लोखंडी ट्रंकेच्या काठावर ठेवला. दुसऱ्यानं झाकण सोडलं आणि लहानू त्यावर बसला. मला माझंच ओरडणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकू आलं. आतल्या खोलीत माझी आई होती. तिनं विचारलं, "काय रे झालं, कृष्णकांता?"

"काही नाही, यमुताई," लहानू बसल्या जागेवरून म्हणाला. "ट्रंक उघडून राहिलो." मग माझ्याकडं वाकून हळूच बोलला, "म्हातारीले ऐकू चांगलं येते. डोळ्यांनी बी चांगलं दिसत असन ना?"

मी उजव्या हातानं चिठ्ठी लिहून दिली. दोन बोटं मोडली होती. बळीरामनं पट्टी पाहून विचारलं, तर मी सांगितलं, ट्रंकेत सापडली. तेवढं खरंच होतं. पुढचं सांगायला चार दिवस होते. रोज सांगायचं ठरवायचो आणि रोज राहून जायचं.

संमेलनाच्या पहिल्या दिवशी सकाळी दहाला शाळेच्या मैदानात सोडत झाली. दुधाच्या पावडरीच्या डब्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या. बळीराम बाह्या वर करून उभा होता, सगळ्यांना हात दिसावेत म्हणून. तो चिठ्ठी काढी, मी नाव वाची. नाव आलं की लोक टाळ्या वाजवत, कारण नाव ओळखीचं असे. माणूस पहिल्यांदा दिसत असे. विसावं नाव वाचून मी कागद घडी केला आणि म्हणालो, "खोल्या संपल्या."

बळीराम माझ्याकडं पाहत राहिला. "अजून सहा आहेत ना गा?"

बालाघाटचा एक खाणमजूर पोस्टकार्ड हातात धरून पुढं आला. त्याच्यासोबत गरोदर बायको होती, दोन दिवसांचा प्रवास करून आलेली. "इथं सव्वीस लिहिलंय," तो हिंदीत म्हणाला. "सहा कुठं गेल्या?"

त्याच्यामागं माणसं गोळा झाली. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी माझा सदरा धरला, आणि माझं दुखरं बोट त्याच्या मनगटावर आपटलं. त्या कळेत माझ्या तोंडून निघून गेलं, "लॉजचं काम बळीरामकडं होतं. त्याला विचारा."

गर्दीतून आपल्याकडचाच एक आवाज आला, "इंदोऱ्याच्या माणसाच्या हाती कारभार दिला की असंच होणार." इंदोरा म्हणजे दलितांची वस्ती, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. बळीरामनं तो आवाज कुणाचा ते वळून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"मी सव्वीसच बुक केल्या," तो म्हणाला. "रजिस्टर पाहा जाऊन. कृष्णकांत, तू काहून चूप आहेस गा?"

पहिल्यांदा डबा लागला त्याच्या कपाळावर, तोच चिठ्ठ्यांचा. मग खुर्ची. बळीराम दणकट होता, दोघांना त्यानं ढकलून पाडलं, पण माणसं दहाबारा झाली. त्याला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. एकानं मंडपाची बल्ली उपसली आणि त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूवर घातली. दुसऱ्यांदाही घातली. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आला. भीमाबाई बायकांच्या घोळक्यातून धावत आली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. तिच्या पाठीवरही दोन बसल्या, तेव्हा कुठं माणसं थांबली. बळीरामच्या कानातून रक्त वाहत होतं. मी टेबलामागं उभा होतो. मला एकाचाही धक्का लागला नाही.

दुपारी दवाखान्यात गेलो. भीमाबाई दारात बसली होती, लुगड्यावर रक्त वाळलेलं.

"उजवा कान गेला म्हणते डॉक्टर," ती म्हणाली. "डाव्यानं येते ऐकू." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या सहा खोल्या कोणाले देल्या, भाऊ?"

तिनं 'भाऊ' म्हटलं म्हणून असेल, मी सगळं सांगितलं. ट्रंक, बोटं, चिठ्ठी. ती उठली आणि तिनं माझ्या तोंडात मारली. मोठ्या जोरात नाही. मग आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समारोप होता. मी माइकसमोर गेलो आणि म्हणालो, खोल्या बळीरामनं खाल्ल्या नाहीत, मी दिल्या. कुणाला दिल्या तेही नाव घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी थांबेल.

समोरची माणसं उठून मंचाकडं आली. मग त्यांनी मला मंचावरून ओढलं. काल बळीरामला मारणारेच पुढं होते. आपल्या हातून नको तो मारला गेला, याचाही राग माझ्यावर निघत होता. माझे समोरचे दात तेव्हाच गेले. बरगडी मोडल्याचं मला आतून कळलं. तोंडात माती आणि रक्त, आणि वरून आवाज येत होते, "लॉजवर चला, लॉजवर." माझ्या अंगावरचे पाय कमी झाले. मी शुद्ध हरपण्याआधी पाहिलं ते एवढंच, की शंभरएक माणसं मंडपाच्या बल्ल्या घेऊन फाटकाबाहेर पळत आहेत.

पुढचं मी नंतर ऐकलं, आणि मग कोर्टात पुन्हा ऐकलं. लहानू लॉजवर नव्हताच, तो मंगल कार्यालयात होता. खोल्यांत बायका होत्या, म्हातारी माणसं होती. जमावानं दारं फोडली, ट्रंका खाली फेकल्या, नवरदेवाच्या चुलत्याचं डोकं फोडलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वऱ्हाडाचा स्वयंपाकी कांदे चिरत बसला होता. देवराव नाव, कन्हानचा. त्याच्या हातात सुरी पाहून तो अंगावर येतो आहे असं कुणाला वाटलं. त्याला उचलून कठड्यावरून टाकलं. खालच्या पायऱ्यांवर पडून तो जागीच गेला.

लहानूला माझ्या हाताबद्दल आणि धमकीबद्दल दोन वर्षं झाली. देवरावच्या खुनात चौघांना शिक्षा झाली. त्यातला एक बालाघाटचा तो पोस्टकार्डवाला. त्याची बायको कोर्टात आली तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं.

माझी साक्ष संपली त्या दिवशी बळीराम बाहेरच्या बाकावर बसलेला दिसला. दीड वर्षात आम्ही बोललो नव्हतो. मी त्याच्या उजव्या बाजूला बसून काहीबाही बोलत राहिलो, आणि मग लक्षात आलं की त्याला ऐकू जात नाही. मी उठून डाव्या बाजूला गेलो.

"बळीराम, मी..."

"ते राहू दे," तो म्हणाला. "कन्हानले गेला होता काय, त्या देवरावच्या घरी?"

"नाही."

"मी जाऊन आलो. भीमाबाई बी आली होती. तू एकटा जा. मी काही तुझ्यासंगं येत नाही."

पुढच्या रविवारी मी गेलो. कन्हानला नदीकडच्या वस्तीत घर सापडायला वेळ लागला नाही, खून झालेल्या माणसाचं घर सगळ्यांना ठाऊक असतं. देवरावची बायको, रुखमाबाई, दारात तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, लहानू घरी आला तिथपासून. दात नसल्यामुळं माझे शब्द नीट निघत नव्हते, तिनं दोनदा पुन्हा विचारून घेतलं. मधे शेजारची एक बाई येऊन उभी राहिली, तिला तिनं हातानंच घरी पाठवलं.

सगळं ऐकून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"खाली पडल्यावर काही बोलले काय ते? पाणी गिणी मागितलं?"

"मी तिथं नव्हतो," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

"कोणालेच माहीत नाही," ती म्हणाली. "जो येते तो हेच सांगते."