अठरा वर्षं ओढणारा बाजा

विदोसावाने उभ्या जन्मात सिगारेट ओठाला लावली नव्हती, आणि हे कुणाला म्हणून पटत नव्हतं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा एक्स-रे उजेडात धरला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "खरं सांगा, दिवसाला किती?"

"एकही नाही."

"सगळे असंच म्हणतात हो." मग बाईंनी कामाचं विचारलं. मिलोयकोच्या काफान्यात, म्हणजे खानावळीत, अठरा वर्षं अकॉर्डियन वाजवते, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिथला धूर सोडा. नाहीतर वर्षभरात तो बाजा उचलण्याइतकाही श्वास राहणार नाही तुमच्यात."

सोडा म्हणे! झ्रेन्यानिन शहरात काफाना म्हटला की घेवड्याचा रस्सा, फळांची दारू राकिया, गाणं आणि धूर. टेबलावर मीठ नसलं तरी चालेल, ॲशट्रे हवीच. तरी तिने मालकाला विचारून पाहिलं. मिलोयको पोट धरून हसला.

"धूर नको? मग चर्चमध्ये जाऊन वाजव की! अगं, ओढणारे ओढतात, तुझं काय जातं?"

मिलोयको तसा वाईट नव्हता, नुसता ढिम्म होता. विदोसावा पुन्हा वाजवायला बसली. बापाने दिलेला बाजा वाजवण्याखेरीज तिला दुसरं येत काय होतं?

त्यात बाजाच घोगरा झाला. खालचे सूर उमटेनात, म्हणून ती तो घेऊन बेगेय नदीपलीकडच्या आगोश्तोन मिस्त्रीकडे गेली. म्हाताऱ्याने एकेक खिळा उपसला, भाता सुटा केला आणि हात तिथेच थांबवला.

आत नुसता तपकिरी चिकटा. सुरांच्या पात्यांवर चामड्याच्या बारीक पट्ट्या असतात, मुळात पांढऱ्या. त्या काकवीत बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या. वास असा की म्हाताऱ्याने ऐन फेब्रुवारीत खिडकी उघडली.

"एवढं ओढतं कोण?"

"मी नाही ओढत!" विदोसावा उसळली. "आधी ती डॉक्टरीण, आता तुम्ही!"

"तुला कोण म्हणतंय, पोरी? हा ओढतो." त्याने भाता ताणला आणि मिटला. "दर सुराला खोलीतली हवा आत ओढायची आणि बाहेर सोडायची. अठरा वर्षं तेच करतोय बिचारा."

ती बघतच राहिली. हात आपोआप छातीवर गेला. एक्स-रेमध्ये तिला काही कळलं नव्हतं, इथे सगळं कळलं. बाई गं, हे सगळं माझ्यातही!

आठवड्याने ती बाजा न्यायला आली. मिस्त्रीने सगळ्या पट्ट्या नव्या बसवल्या होत्या. त्याने एकच खालचा सूर दाबून धरला आणि विदोसावाच्या अंगावर सरसरून काटा आला. केवढा खोल होता तो! पायाखालची फळी थरथरत होती, आणि तरी आवाज मऊच. आपण रोज मांडीवर काय घेऊन बसत होतो, याचा तिला पत्ताच नव्हता. ती धपकन स्टुलावर बसली आणि रडली.

"जुन्या पट्ट्या टाकू नका," ती म्हणाली. "मला द्या."

भर दुपारी तिने ती पुडी मिलोयकोसमोर उलगडली. चाळीस वर्षं ओढणारा माणूस, पण वासासरशी त्यानेही तोंड फिरवलं.

"ही कसली घाण?"

"तुमच्या काफान्यातली हवा, मालक. बाज्याच्या पोटातून निघाली. त्याला खिळे आहेत, मिस्त्री खोलतो आणि पुसतो. मला कुठून खोलायचं?"

मिलोयको एक पट्टी नखाने खरवडून बघू लागला. मग बोटातली सिगारेट विझवून उठला आणि टेबलाटेबलावरच्या ॲशट्रे गोळा करू लागला.

"डोकं फिरलं का रे तुझं?" निवृत्त पोस्टमन झिवान ओरडला.

"बाहेर जाऊन ओढ, झिवान. थंडीत तुझं तरी ताळ्यावर येईल."

शिव्या देत सगळे बाहेर गेले. पण रस्सा गार होत होता, तेव्हा कुरकुरत एकेक जण आत आला. खिडक्या सताड उघड्या होत्या. विदोसावाने रोजचंच एक संथ गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला चमचे थांबले. झिवानने टोपी काढून मांडीवर ठेवली. मिलोयको गल्ल्यापाशी तोंड उघडं टाकून उभा होता.

गाणं संपलं तरी कुणी हललं नाही. त्या शांततेत स्वयंपाकघरातून खोकला ऐकू आला. मिलोयकोची बायको स्ताना आत भांडी घासत होती. ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि तिला श्वास घ्यायला फार वेळ लागला.

मिलोयकोचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही," त्याने हळूच विचारलं, "कधीपासून खोकते?"

"मी स्वयंपाकघराच्या दाराशीच बसते, मालक," विदोसावा म्हणाली. "मी इथे कामाला लागले तेव्हापासून ऐकतेय."