जिवलीचे घर झालेली होडी

मित्रांनो, सातपाटीच्या किनाऱ्यावर पालथी पडलेली जुनी होडी आहे ना, ती मी. सुतारांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवले, अंगाला तेल चोळले, तेव्हा माझा थाट काय विचारता! नारळी पौर्णिमेला मला पताका लावत. माझा मालक चिंतू. मी मासळीने भरून आले की त्याची धाकटी बहीण जिवली सर्वांच्या आधी पाण्यात उतरून टोपली पुढे करी. ते दिवस आठवले की आजही बरे वाटते.

पुढे इंजिनाच्या होड्या आल्या. चिंतूनेही एक घेतली आणि मला वाळूत पालथे घातले. त्याच सुमारास, लग्न होऊन सासरी गेलेल्या जिवलीचे मन आजारी पडले. समोर कोणी नसले तरी ती बोलत राही. घराच्या भिंती आपल्याविषयी कुजबुजतात, असे तिला वाटे. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. चिंतूने भगताचे अंगारे लावून पाहिले, पण भिंती काही गप्प बसेनात. शेवटी ती माझ्याखाली येऊन राहिली. मला भिंती नव्हत्याच, त्यामुळे आमचे जमले.

शेजारी बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत. जिवलीची बडबड दिवसभर चाले, म्हणून कावळे फिरकत नसत. मासे विकणारी मैनाबाई म्हणे, "जिवले, तू हाय म्हणून आमचे बोंबील हायत." बायका तिला भाकरी आणि मासळीचा वाटा देत. ती भीक नव्हती, राखणीचा वाटा होता.

चिंतूची बहिणीवर माया होती, पण त्याला लोकांची लाजही वाटे. तो म्हणाला, "होडी हलवली का ती आपसूक घरी येल."

"नको रे," मैनाबाई म्हणाली, "तिला दुसरं काय हाय?"

त्याने ऐकले नाही. जिवली विहिरीवर गेलेली असताना त्याने मला माणसे लावून खाडीकडे ओढत नेले. जिवली परतली, माझी रिकामी जागा पाहिली, आणि घरी न जाता पालघरच्या रस्त्याला लागली. मी काहीच करू शकले नाही. फार वाईट वाटले मला.

मासळी विकायला जाणाऱ्या बायका पालघर, पाम अशा गावी जातील तिथे तिची चौकशी करत. पावसाळा सरल्यावर मैनाबाईला ती बोईसरच्या बाजारात दिसली. बंद दुकानाच्या पायरीवर पडली होती. पायाला जखम झालेली, आणि लोक तिला उठवायला अंगावर पाणी फेकत होते. मैनाबाई टोपली उतरवून तिच्याशेजारी बसली.

"जिवले, चल."

"कुटं? होडी कुटं हाय?"

मैनाबाईने तिला सातपाटीला परत आणले आणि तिचा हा प्रश्न चिंतूला सांगितला, तेव्हा तो मान खाली घालून रडला. त्याने मला पुन्हा जागेवर आणले, खाली दगड लावून चांगले उंच केले. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितले, हा आजार आहे, गोळ्या बंद करू नका. चिंतू रोज जेवण आणि गोळी घेऊन वाळूत येऊन बसू लागला. हळूहळू जिवलीची बडबड कमी झाली. कावळे मात्र सोकावले. मग ती काठी घेऊन राखणीला बसू लागली.

चिंतू अजूनही विचारतो, "घरी येतेस?"

ती म्हणते, "मी घरीच हाय की."

मित्रांनो, माझ्या फळ्या आता कुजत आल्या आहेत, तेवढ्या जपा. आणि रस्त्याकडेला कोणी एकटेच बोलताना दिसले, तर त्याच्यावर पाणी फेकू नका. त्याचीही होडी कोणीतरी हलवलेली असेल.