गुडघे टेकणारं कार्ड

गाढवपणालाही काही हद्द असते, असं विल्फ्रिदोला सत्तावन्न वर्षं वाटत होतं. मग थोरल्या भावाच्या साठीला त्यानं एक कार्ड केलं आणि ती हद्द स्वतःच्याच हातांनी कापून टाकली. वर चकचकीत कागदही चिकटवला.

कागद कापणं हा त्यांचा पिढीजात धंदा. विश्कोलोत्ला या त्यांच्या गावात सकाळ झाली की घराघरांतून छिन्नीचे ठोके ऐकू येतात. पन्नास पतंगी कागदांची थप्पी शिशाच्या पत्र्यावर ठेवायची, वर नक्षीचा कागद, आणि छिन्नीवर हातोडी मारत सुटायचं. शेवटी पन्नास पताका एकदम तयार. लग्नाच्या म्हणा, बारशाच्या म्हणा, मेलेल्यांच्या दिवसाच्या म्हणा. विल्फ्रिदो आणि त्याचा थोरला भाऊ क्रेसेन्सियो, म्हणजे अख्ख्या गावाचा चेंचो, एकाच टेबलाशी समोरासमोर बसून चाळीस वर्षं हेच करत आले. चेंचोचा हात म्हणजे काय विचारता! कबुतर काढलं तर त्याची पिसं मोजून घ्यावीत. विल्फ्रिदोचा हात बरा होता. बरा म्हणजे त्यानं कबुतर काढलं की लोक विचारायचे, "कोंबडी का रे?"

म्हणून गड्यानं वेगळी वाट धरली. उरल्यासुरल्या पुठ्ठ्यांतून तो वाढदिवसाची कार्डं करायला लागला. उघडलं की आत केक उभा राहायचा. पट्टी ओढली की सासूबाईंची जीभ बाहेर यायची. चकती फिरवली की नवरोजींच्या डोक्यावरचे केस एकेक करून गायब. गावात वाढदिवस आहे आणि विल्फ्रिदोचं कार्ड नाही, असं होत नसे. लोक हसायचे, आणि लोक हसले की त्याला आपण दोन बोटं उंच झालो असं वाटायचं. मुळात बुटका, त्यामुळे गरज फार.

चेंचोच्या साठीच्या आधी वर्षभर त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे दुसरीकडे बघत होते. चेंचो हातोडी खाली ठेवायचा, हात मांडीखाली दाबून धरायचा, जरा थांबून पुन्हा सुरू करायचा. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. विल्फ्रिदोनंही काढलं नाही. त्यानं कार्ड काढलं! आत कागदाचा चेंचो, त्याच्या हातात कागदाची हातोडी. पट्टी ओढली की हातोडी लटलट हलायची आणि समोरच्या पताकेची चाळण व्हायची. जमलेली चाळीस माणसं पोट धरधरून हसली. चेंचोनं कार्ड मिटलं, खिशात घातलं आणि केक न कापताच आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्याच्या छिन्न्या नव्हत्या.

तीन वर्षं झाली त्याला. चर्चच्या दारात दोघं समोरासमोर आले की चेंचो टोपी काढायचा, पण ती देवासाठी. विल्फ्रिदोनं त्यानंतर गमतीचं एकही कार्ड केलं नाही. गुलाब केले. नुसते गुलाब, आणि तेसुद्धा कोबीसारखे दिसणारे. टेबलाची पलीकडची बाजू त्यानं रिकामीच ठेवली होती. रोज सकाळी तो ती पुसायचा आणि मग स्वतःलाच शिव्या घालत कामाला बसायचा.

एका गुरुवारी त्याची बायको ओब्दुलिया गिरणीवरून मक्याचं पीठ घेऊन आली, ती धापा टाकतच. चेंचोची बायको एर्मेलिंदा तिला तिथं भेटली होती.

"रविवारी जेवायला बोलावलंय. चेंचोला त्रेसष्ट पूर्ण होतायत. त्याला सांगितलेलं नाही, नाहीतर तो शेतात जाऊन बसेल म्हणाली."

विल्फ्रिदो उभाच राहिला. "मला? मला बोलावलंय?"

"तुलाच. आणि नवऱ्याला सांग म्हणाली, तोंड उघडायचं नाही."

"मी कुठं तोंड उघडतोय? कार्ड उघडेल."

"विल्फ्रिदो!" ओब्दुलियानं पिठाची बादली दाणकन खाली ठेवली. "तुझ्या पाया पडते. साधा एक शर्ट घेऊन जाऊ."

"शर्टानं माफी मागता येते का?"

शर्टाचं तिला माहीत नव्हतं. कार्डानं काय होतं ते मात्र तिला चांगलं ठाऊक होतं.

तीन दिवस तो कामाला भिडला. कार्ड उघडलं की वर पताकांची इवलीशी माळ ताणली जाणार, आणि पताकांवर कोरलेलं, 'माफ कर'. मधलं पान खिडकीसारखं आरपार कापलेलं. त्या खिडकीत टेबल, टेबलाच्या डाव्या अंगाला चेंचो, उजव्या अंगाला आपण. पट्टी ओढली की उजवीकडचा गडी गुडघ्यांत मोडणार आणि थोरल्यासमोर जमिनीवर येणार. दोघांची धडं त्यानं सवयीप्रमाणे थप्पीनंच कापली, एकावर एक ठेवून. त्यामुळे शर्ट तोच, विजार तीच, पायसुद्धा तेच. फरक होता तो मुंडक्यांत. चेंचोला गवताची टोपी, आणि स्वतःला टक्कल अन् चेहऱ्यापेक्षा मोठ्या मिशा.

मुंडकी लावायच्या आधी त्यानं पट्टी ओढून पाहिली. उजवीकडचं बिनडोक धड इतक्या नम्रपणे गुडघ्यांवर आलं की त्याला भरूनच आलं.

"बघ ना," तो म्हणाला, "डोकं नसताना मी किती शहाणा दिसतो."

"ते मी लग्नापासून सांगतेय," ओब्दुलिया म्हणाली.

मग त्यानं कार्ड पालथं घातलं. माना मागून चिकटवायच्या म्हणजे जोड दिसत नाही, त्यात काय मोठंसं! मानांना खळ लावली, डावीकडे चेंचोचं मुंडकं बसवलं, उजवीकडे आपलं. कार्ड मिटून त्यावर मिरच्या वाटायचा दगडी पाटा ठेवला.

"एकदा उघडून बघितलं असतंस," निघताना ओब्दुलिया म्हणाली.

"खळ ओली आहे अजून. आणि पहिल्यांदा पट्टी ओढायचा मान ज्याचा वाढदिवस त्याचा."

काय तो रुबाब! काय ते नियम!

रविवारी दुपारी चेंचोच्या अंगणात चाळीस एक माणसं होती, बहुतेक तीच. टर्कीचं मोले, म्हणजे मिरची-मसाल्याचं दाट कालवण, शिजत होतं, टेबलाच्या मधोमध पांढऱ्या क्रीमचा केक होता. चेंचो टेबलाच्या टोकाला बसला होता, उजवा हात मांडीखाली. त्यानं विल्फ्रिदोला पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. एर्मेलिंदाला अचानक तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांच्या, टोपलीत फार काम निघालं.

"बस," चेंचो म्हणाला.

तीन वर्षांतला पहिला शब्द. पायाशी कुत्रा उभा होता, त्यामुळे तो शब्द नक्की कुणाला होता हे सांगणं कठीण. कुत्राही बसला, विल्फ्रिदोही बसला.

जेवणं झाली, गाणं झालं, आणि विल्फ्रिदोनं कार्ड भावाच्या पुढ्यात ठेवलं. आजूबाजूच्यांनी खुर्च्या जरा मागे सरकवल्या. मागचं कार्ड कोण विसरलं होतं? एर्मेलिंदानं छातीवर क्रूसाची खूण केली. चेंचोनं डाव्या हातानं ते उघडलं.

पताकांची माळ झोकात उभी राहिली. 'माफ कर'. बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. विल्फ्रिदोची छाती दोन बोटं वर आली. चेंचोनं डाव्याच हातानं पट्टी धरली आणि ओढली.

आणि गवताची टोपी घातलेला चेंचो, त्रेसष्ट वर्षांचा थोरला भाऊ, 'माफ कर' असं लिहिलेल्या माळेखाली, मिशाळ विल्फ्रिदोसमोर गुडघ्यांवर आला. मिशाळ विल्फ्रिदो ताठ उभा. छाती काढून.

कुठं चुकलं ते विल्फ्रिदोला तेव्हा दिसलं. पतंगी कागदाला पाठपोट नसतं. चाळीस वर्षं त्यानं जो कागद कापला तो कसाही धरा, इकडून बघा नाहीतर तिकडून बघा, पताका ती पताकाच. पुठ्ठ्याच्या कार्डाला मात्र पुढची बाजू असते, आणि पालथं घातलं की डावं उजवीकडे जातं. दुसऱ्या गावच्या शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. त्याच्यासारख्या कसलेल्या कारागिरालाच कळलं नव्हतं.

"साधा शर्ट म्हटलं होतं मी," ओब्दुलिया दातांतल्या दातांत म्हणाली.

"चेंचो, ते... तो मी आहे," विल्फ्रिदो उठला. "जो खाली बसलाय ना, तो मी."

"टोपी माझी आहे."

"टोपी तुझी. पाय माझे."

"आणि माफी कुणी मागायची?"

"मी! मी रे, चेंचो! मीच!" तोंड उघडायचं नव्हतं, पण आता काय राहिलं होतं झाकायला? "तुझा हात हलायला लागला तेव्हा मी घाबरलो होतो. मला घाबरलो की विनोद सुचतो, दुसरं काही येतच नाही. लोक हसले आणि मला वाटलं, वा, काय काम केलंय आपण! तुझ्या तोंडाकडे मी बघितलंच नाही. चुकलं माझं. तू नाहीस तर त्या टेबलाशी मला बसवत नाही रे."

चेंचोनं कार्ड उचललं, उलटं केलं, मागच्या बाजूनं निरखून पाहिलं.

"पालथं घालून चिकटवलंस."

"हो."

"पुठ्ठा घेतलास की आधी पेन्सिलीनं फुली मार, पुढची बाजू कळते. किती वेळा सांगितलं होतं?"

"रोज."

"गाढवा," चेंचो म्हणाला.

आणि त्यानं मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला. हात पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त हलत होता. चाळीस माणसांपैकी निम्म्यांनी नजर आपल्या ताटात घातली. चेंचोनं आधी विल्फ्रिदोचं टकलं मुंडकं चिमटीत धरलं आणि उपटलं, जरा चवीनंच उपटलं म्हणायचं. मग स्वतःचं उपटलं. खळ कुठून आणणार? त्यानं बोट केकमध्ये खुपसलं, मानांना क्रीम फासलं आणि मुंडक्यांची अदलाबदल केली. हात हलत असल्यामुळे क्रीम विल्फ्रिदोच्या मिशांना लागलं, टोपी तिरकी बसली. घाई त्यानं केली नाही.

मग त्यानं पट्टी धरली. डाव्या हातानं नाही, उजव्या.

टकला विल्फ्रिदो गुडघ्यांवर आला. पण पट्टी त्या हातात होती, म्हणून तो नुसता गुडघ्यांवर आला नाही. तो टकलापासून टाचेपर्यंत लटलट कापायला लागला. मिशा हलत होत्या, ढोपरं एकमेकांवर आपटत होती, ओल्या क्रीमवरचं डोकं नाही नाही म्हणत होतं. समोर गवताच्या टोपीतला चेंचो एकदम स्थिर उभा.

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत कुणाला होती? चेंचोनं पट्टी सोडली, परत धरली. कागदी विल्फ्रिदो पुन्हा कापायला लागला.

"बघ," चेंचो म्हणाला, "आता कोण थरथरतंय?"

आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग टेबलच हलायला लागलं. तेव्हा कुठं बाकीच्यांनी तोंडं सैल सोडली. विल्फ्रिदोही हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि त्याला मेलं त्यातलं धड काहीच जमत नव्हतं.

"चावा! चावा! चावा!" अंगण ओरडायला लागलं. ज्याचा वाढदिवस त्यानं हात न लावता केकचा पहिला घास घ्यायचा आणि कुणीतरी मागून त्याचं तोंड केकमध्ये दाबायचं, ही तिथली रीत. चेंचो उठला. पण तो केकवर वाकला नाही. त्यानं उजव्या हातानं विल्फ्रिदोची मानगूट धरली आणि त्याचं तोंड कानापर्यंत क्रीममध्ये घातलं.

मानेवर तो हात हलत होता. विल्फ्रिदो गरजेपेक्षा बराच जास्त वेळ केकमध्ये राहिला. तिथं रडलेलं कुणाला दिसत नव्हतं.

वर आला तेव्हा चेंचो कार्डाशी खटपट करत होता. पट्टीखाली क्रीम गेलं होतं आणि ती अडकून बसली होती. कागदी विल्फ्रिदो गुडघ्यांवरच.

"उठत नाहीये तो," विल्फ्रिदो म्हणाला.

"राहू दे तसाच." चेंचोनं कार्ड उघडंच धरून केकशेजारी उभं केलं, जरा मागे होऊन पाहिलं. मग हात परत मांडीखाली न घालता टेबलावर ठेवला.

"उद्या सकाळी येतो टेबलाशी," तो म्हणाला. "चांगली घट्ट खळ करून ठेव. हे काही टिकायचं नाही, मुंग्या लागतील."