आधी आणलेला कळस

निकिता गणितात संशोधन करत होती आणि त्यासाठी आणखी एक वर्ष यवतमाळला राहायचं म्हणत होती.

मारोतरावांनी विचारलं, "पण तू करतं काय तिथं?"

"बाबा, आधी सिद्धांत खरा धरते. मग तो खरा ठरायला काय काय लागते, ते शोधत खाली उतरते."

"म्हंजे पायाचा पत्ता नाही आन् वरून सुरुवात? असं कुठी असते काय!"

"मंग तो कळस कायले आणला तुमी?" निकिताची आई बेबीताई यांनी चहा देता देता विचारलं.

तुरीच्या पोत्यावर पितळी कळस चमकत होता. गावात बांधायच्या मंदिराची जागा अजून ठरायची होती. पण कळस पाहिल्यापासून गावकरी अंगणात विटा आणून टाकत होते.

मारोतराव कळस पुसू लागले.

"वर्षात होईन ना?"

"तुमच्या मंदिराच्या आधी."

"मंग जाय."